डॉक्टरांच्या समोरचं स्टूल

मी स्टूल बोलतोय. खुर्ची नव्हे. खुर्चीला पाठ असते, हात असतात, आणि तिच्यावर बसणाऱ्याला सही करायचा अधिकार असतो. मला चार पाय आणि एक फळी. गोव्यात, पेडण्याहून हरमलकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक आरोग्य केंद्र आहे, तिथं डॉक्टरांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला मी अडतीस वर्षं उभा आहे. माझ्यावर रोगी बसतो. तो उठला की दुसरा बसतो. एवढीच माझी नोकरी. तिच्यात बढती नाही, बदली नाही, आणि निवृत्तीचं वयही कुणी ठरवलेलं नाही.

गावाचं नाव सांगत नाही. नाव कळलं की उरलेली गोष्ट लोक आपल्या पदरची घालून पुरी करतात.

मी फणसाचा. केंद्राच्या आवारातला तो फणस नव्या भिंतीच्या आड येत होता, म्हणून पाडला. सुतारमेस्तानं त्याचा एक लांब बाक केला, दोन फळ्या कपाटाला लावल्या, आणि जे उरलं त्यातून मी झालो. नंतर कुणीतरी मला उलटा करून पोटाखाली पांढऱ्या रंगात क्रमांक घातला. सरकारात जन्म असाच होतो.

माझ्यासमोरचे पहिले डॉक्टर रघुनाथ, नदीकाठच्या नार्व्याचे. माणूस उंच आणि कमी बोलणारा. रोगी सांगायचा ते ऐकायचे, लिहायचे, मग पेन खाली ठेवून म्हणायचे, "आणि?" एवढाच शब्द. सुरुवातीला मला तो वेळेचा अपव्यय वाटे. मग माझ्या लक्षात आलं. माणूस माझ्यावर बसून जे पहिल्यांदा सांगतो ते बहुधा खरं नसतं. ते घरून पाठ करून आणलेलं असतं. खरं ते तो उठता उठता सांगतो. एक हात माझ्या कडेवर टेकलेला, अंग अर्धं वर, आणि मग, "तशी छातीत थोडी कळ येते म्हणा, पण ते काही नाही." रघुनाथांचं "आणि?" त्या उठण्याच्या आधी यायचं. त्यामुळे लोक त्यांच्याकडे बसल्या बसल्याच खरं बोलून जात.

अडतीस वर्षांत माझ्यावर सगळे बसले. शेतकरी बसले, होडीवाले बसले, स्कूटरवरून पडलेले आणि स्वतःच्या गुडघ्याचे फोटो काढणारे परदेशी बसले. चतुर्थीच्या आसपास ज्यांच्या कंबरा अचानक धरतात असे नोकरदार बसले, आणि विश्रांतीचा दाखला हातात पडताच ताठ होऊन गेले. बसला नाही तो फक्त डॉक्टर.

डॉक्टर डॉक्टरकडे येतो तो उभ्यानं येतो. मागच्या दारानं, नंबर न लावता. "अरे, जरा प्रेशर बघ रे." "हल्ली झोप नाही, काय घेऊ?" समोरचाही उभ्या उभ्याच एका गोळीचं नाव सांगतो, पाठीवर थाप मारतो आणि चहा मागवतो. दोन मिनिटांत सगळं आटोपतं. हा त्यांच्यातला मान आहे. डॉक्टरला नंबर लावायला सांगणं म्हणजे त्याचा अपमान. मला मात्र नेहमी वाटे, ज्याला बसवायलाच कुणी तयार नाही तो उठता उठता काय सांगणार?

आता दोन माणसं सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

दाराशी शेवंती. तेरेखोल नदीच्या पलीकडची, आरोंद्याची. लग्न होऊन इकडे आली आणि सव्वीस वर्षं या दारात उभी आहे. केसपेपर काढायचे, नंबर पुकारायचे, मधे घुसणाऱ्याला बाहेर काढायचं. केसपेपर नसेल तर माणूस रोगीच नव्हे, मग तो डोळ्यांदेखत तळमळत का असेना, असा तिचा कायदा. एकदा एका मंत्र्याच्या मेव्हण्याला तिनं रांगेत उभं केलं होतं. त्याला ताप होता तो तिथंच उतरला.

बाहेरच्या खोलीत कारकून कृष्णनाथ. डिचोलीहून दोन बस बदलून रोज वेळेवर येणारा. केंद्रात आलेला प्रत्येक कागद तो आवक नोंदवहीत चढवतो. जे नोंदवहीत नाही ते जगात घडलेलं नाही, अशी त्याची श्रद्धा आहे. मी या श्रद्धेला हसायचो. आता हसत नाही.

चार वर्षांपूर्वी प्रज्योत गावस आला. तोही डिचोलीचा. बाप खाणीवरचा ट्रक चालवायचा, घरात पहिलाच डॉक्टर. आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा, केंद्राच्या मागच्या क्वार्टर्समध्ये एकटाच राहायचा. पहिल्याच आठवड्यात शेवंतीला म्हणाला, "शेवंतीबाय, मला सर नको म्हणू." ती म्हणाली, "मगे काय म्हणू? तुमी माझ्या झिलाचे वयाचे. झिलाक मी गाळी घालतंय." तेव्हापासून ती त्याला 'डॉक्टरानू' म्हणते, आणि मुलाला घालायच्या शिव्या वेगळ्या घालते.

चांगला डॉक्टर. म्हाताऱ्यांशी हळू बोलायचा. पण रघुनाथ दिवसाला चाळीस रोगी पाहायचे आणि प्रज्योतला शंभर पाहावे लागत. शंभर जणांत "आणि?" बसत नाही. तो शब्द या खोलीतून कधी गेला ते मला कळलंही नाही.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या चार दिवस आधी एकशे बारा केसपेपर निघाले. त्यांत एक देवकी. दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाणारी, चाळिशीची बाई. ताप, अंगदुखी. प्रज्योतनं तपासलं, गोळ्या दिल्या, सांगितलं, दोन दिवसांत उतरला नाही तर ये. ती उठली. उठता उठता माझ्या कडेवर हात टेकून म्हणाली, "पोटऱ्ये मरणाचे दुखतत." तोवर प्रज्योतनं पुढच्याला हात केला होता.

पाण्या-चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत कळ म्हणजे उंदराच्या मुताचा ताप असू शकतो, हे इथं मलाही ठाऊक आहे. दोन दिवसांनी देवकी आली नाही. घरात गणपतीची तयारी होती. चौथ्या दिवशी तिला मोठ्या इस्पितळात नेलं. ती परतली नाही.

प्रज्योतला कुणी मारलं नाही, काचा फोडल्या नाहीत. गाव सुसंस्कृत आहे. गावानं फक्त मोबाईलवर त्याच्याविरुद्ध लिहिलं. देवकीचा नवरा गोपाळ मात्र तक्रार करायलासुद्धा आला नाही. चौकशी झाली. तीन माणसं खुर्च्यांवर बसली, कागद पाहिले, डॉक्टरचा हलगर्जीपणा नाही असं लिहून गेली. प्रज्योतला तो निकाल मान्य नव्हता. त्यानं मनातल्या मनात अपील केलं, आणि तिथं आरोपीही तोच, न्यायाधीशही तोच. अशा कोर्टात कुणी सुटल्याचं मी ऐकलेलं नाही.

माणूस खचला की रडतो, दाढी वाढवतो, असा लोकांचा समज आहे. प्रज्योत उलट नीटनेटका झाला. वेळेआधी येऊ लागला. टेबलाचे खण आवरले. कुणावर चिडेना. शेवंती म्हणाली, "डॉक्टर आता खरे मोठे झाले." मीही तेच समजलो. मी लाकूड आहे, माझं एक वेळ चालून जाईल.

मग त्यानं एक विचित्र गोष्ट सुरू केली. मधुमेह, रक्तदाब असे जे कायमचे रोगी, त्यांना दर महिन्याला बोलावून महिन्याची औषधं लिहायची, असा इथला रिवाज. प्रज्योत प्रत्येकाच्या कागदावर सहा महिन्यांचं लिहू लागला. कुठली गोळी कधी कमी करायची, कुठली तपासणी कधी, सगळं स्वच्छ अक्षरात. डॉक्टरचं अक्षर लागतंय म्हणून लोक कागद एकमेकांना दाखवू लागले.

औषधाच्या खिडकीवरची ऋतिका भांडायला आत आली. "सर, खिडकीतून महिन्याच्याच गोळ्या देतात. सहा महिन्यांच्या मी कुठून आणू?"

"गोळ्या महिन्याच्याच दे," प्रज्योत म्हणाला. "कागदावर असू दे. नवा डॉक्टर येईल, त्याला शोधाशोध नको."

'नवा डॉक्टर' हे शब्द ऋतिकाबरोबर बाहेर गेले आणि दुपारपर्यंत साऱ्या केंद्रात फिरले. डॉक्टरांची बदली झाली! सरकारी माणसाला आवराआवर दिसली की त्याला एकच अर्थ सुचतो. त्यात प्रज्योत सामान वाटू लागला. टेबलफॅन ऋतिकाला, छत्री कृष्णनाथला, आणि शेवंतीला जवळजवळ कोरा कुकर. शेवंतीनं त्याच संध्याकाळी त्यात भात लावला आणि दुसऱ्या दिवशी दारातून ओरडून सांगितलं, "डॉक्टरानू, तीन शिट्ट्येत मोकळो भात!" तो हसला. मी ते हसू पाहिलं. कुकर चांगल्या घरी पडला याचा आनंद होता त्यात.

कृष्णनाथ उत्साहात आला. निरोप समारंभ ही त्याची आवडती गोष्ट. म्हापशाहून शाल आणली. भाषण तयारच होतं; गेली वीस वर्षं तो फक्त नाव बदलतो. अध्यक्ष म्हणून निवृत्त डॉक्टर रघुनाथांना नार्व्याला फोन केला. ते म्हणाले, "येतो, थँक यू." शुक्रवार ठरला. प्रज्योतला अर्थात कुणी काही विचारलं नाही. निरोप हा अचानक द्यायचा असतो.

बुधवारी शेवंतीनं कृष्णनाथला विचारलं, "ऑर्डर कधीची आसा? शुक्रवारी जेवण घालूचा तर माका ठाव नको?"

कृष्णनाथनं आवक नोंदवही उघडली. पान उलटलं, मागचं पाहिलं. मग चष्मा पुसला. "चढलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आलेली नाही."

"मगे तेंका आधी कशी कळली?"

"वरून फोन आला असेल," असं तो म्हणाला खरा, पण त्याच्या नोंदवहीचा हा अपमान होता. त्यानं पणजीला वरच्या कचेरीत फोन लावला. दोन टेबलांवरून तिसऱ्या टेबलावर गेला. मग फोन ठेवला आणि दारापाशी येऊन हळू म्हणाला, "बदली नाहीच. तिथं कुणाला काही ठाऊक नाही. आता या शालीचं काय करायचं?"

शेवंतीच्या हातात केसपेपरांचा गठ्ठा होता. ती तशीच उभी राहिली.

"बदली नाय," ती म्हणाली, "तर मगे डॉक्टर चललेत खंय?"

कृष्णनाथनं चष्मा काढून हातात घेतला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला उघड्या दारातून दिसलं.

दुपारचा एक वाजला. शेवटचा रोगी गेला. प्रज्योतनं पेनाला टोपण लावलं. बाहेर शेवंती खिडकीशी काहीतरी लिहीत होती. तिला लिहायला वेळ लागतो. मग ती आत आली आणि एक कागद टेबलावर ठेवला.

"एक पेशंट रवलो आसा."

"पाठव."

"तो आतच आसा."

प्रज्योतनं कागद पाहिला. नाव: प्रज्योत गावस. वय: ३१. धंदा: डॉक्टर. तक्रार: कोरी. तो हसला. "शेवंतीबाय, हे काय नवीन?"

"उठा. हंय बसा." तिनं माझ्याकडे बोट केलं.

"मी इथं बरा आहे."

"त्या खुर्चेर बसान आजपर्यंत कोण खरा बोललो? उठा बघया."

तो उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्यावर बसला. अडतीस वर्षांत पहिला डॉक्टर. मी माणसं वजनानं ओळखतो. हा किती हलका झाला होता! शाळकरी वयाची मुलंसुद्धा माझ्यावर याहून जड बसतात. आणि तेवढंही वजन त्यानं पुरतं टाकलं नव्हतं. अर्धा तो स्वतःच्या पायांवरच तोलून होता.

"सांगा."

"काय सांगू? झोप नाही. दगदग." घरून पाठ करून आणलेलं. डॉक्टर झाला तरी रोगी तो रोगीच. "रजा घेईन चार दिवस. बस?" असं म्हणून तो उठू लागला. एक हात माझ्या कडेवर टेकला. आणि अर्धवट उठलेल्या स्थितीत, जमिनीकडे पाहत म्हणाला, "शेवंतीबाय, त्या बाईनं सांगितलं होतं गं. पोटऱ्या दुखतात म्हणून. मी ऐकलं होतं."

शेवंतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. सव्वीस वर्षं ती दाराशी उगाच उभी नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "आनी?"

तो शब्द त्या खोलीत किती वर्षांनी आला! रस्त्यावरून दोन मोटारसायकली गेल्या. मग तिनं सरळ विचारलं, भाताला पाणी किती घातलं असं विचारावं तसं.

"डॉक्टरानू, जीव देवचा मनात येता काय?"

असं विचारलं तर नसलेलं माणसाच्या डोक्यात घुसतं, असं पुष्कळ शहाणे मानतात. मी खाली होतो, मला कळलं काय झालं ते. त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं. तो पहिल्यांदा बसला.

"येतं," तो म्हणाला. "रोज."

"बरा केलात सांगितलात ता." ती म्हणाली. "मगे आजपासून तुमी एकटे रवूचे नाय. आनी औषधाच्या कपाटाची चावी माका दिया."

"शेवंतीबाय—"

"कुकर दिलात तेव्हा काय बोललंय मी? गप घेतलंय. आता चावी दिया."

त्यानं चावी दिली. तिनं ती पदराच्या गाठीला बांधली आणि दारातून हाक मारली, "कृष्णनाथबाब! रघुनाथ डॉक्टरांका फोन लावा. सांगा, शुक्रवारी नको, आताच येवा." मग तिनं त्या कुकरातलाच भात आणला आणि त्याच्यासमोर बसून राहिली. तो चार घास जेवून थांबला. आठवा घास जेवेपर्यंत ती उठली नाही.

रघुनाथ आले तेव्हा चार वाजून गेले होते. वय पंचाहत्तर, पाठ थोडी वाकलेली. प्रज्योत उठायला गेला. "सर, तुम्ही बसा, मी उभा—"

"बस." रघुनाथ खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि केसपेपर वाचला, जणू असल्या धंद्याचा रोगी रोजच येतो. मग कागद बाजूला ठेवला.

"माझ्याबरोबर ओंकार म्हणून एक शिकायला होता," ते म्हणाले. "आमच्यात सगळ्यांत हुशार. एका सोमवारी त्यानं मला आपलं घड्याळ दिलं. मी काय म्हणालो असेन? थँक यू म्हणालो, आणि मनगटावर बांधलं. गुरुवारी आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा ते माझ्या हातात होतं. पन्नास वर्षं झाली, बाबा. आणि परवा कृष्णनाथनं तुझ्या निरोपाचं आमंत्रण दिलं, तेव्हा मी पुन्हा थँक यूच म्हणालो."

प्रज्योत रडू लागला. रघुनाथांनी त्याला थांबवलं नाही.

"सर, माझ्याकडून ती बाई—"

"निसटली. नाही निसटली असं खोटं मी सांगणार नाही, तुला ते पटायचंही नाही. मी चाळीस रोगी बघायचो तरी माझ्याकडून निसटलीत माणसं. नावं पाठ आहेत मला. ती नावं घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर यायचं असतं. पण ते एकट्यानं जमत नाही. मला वाटलं होतं जमतं. तीन वर्षं मी बायकोशी धड बोललो नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "आता उपाय. म्हापशाला तेजस्विनी आहे, मनाच्या आजाराची डॉक्टर. तिच्याकडे नंबर लावायचा. पुढच्या दारानं. मी येतो बरोबर."

"तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर?"

"भेटलं तर त्याचाही नंबर असेल. तोही हेच म्हणत बसला असेल."

प्रज्योत हसला नाही, पण पाय लांब करून नीट बसला.

कृष्णनाथ रजेचा अर्ज घेऊन आला. "कारण काय लिहू?"

"वैयक्तिक," प्रज्योत म्हणाला.

"का? घरी लग्न आहे?" रघुनाथ म्हणाले. "आजारपण लिही."

कंबर न दुखणाऱ्या शेकडो माणसांना ज्यानं विश्रांतीचे दाखले दिले, त्याचा हात आपल्या अर्जावर सही करताना अडखळला. पण सही झाली. कृष्णनाथनं तो अर्ज ताबडतोब नोंदवहीत चढवला. म्हणजे ते खरंच घडलं.

त्या संध्याकाळी रघुनाथ त्याला घेऊन म्हापशाला गेले, तिथून नार्व्याला. डिचोलीहून आई-वडील आले. पुढचं मला शेवंतीच्या बोलण्यातून कळत गेलं. औषधं सुरू झाली. दर आठवड्याला तेजस्विनीसमोर बसून बोलणं. मधे एकदा बरं वाटतंय म्हणून त्यानं स्वतःच गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा घसरला. आपले रोगी हेच करतात म्हणून तो इतकी वर्षं त्यांच्यावर ओरडत होता. पुन्हा सुरू केल्या. शेवंती रोज फोन करायची. काय बोलायची? "जेवलात काय? काय जेवलात? कोणी केला?" बस.

साडेतीन महिन्यांनी, काजूच्या दिवसांत, तो परत आला. बोंडांचा वास खिडकीतून आत येत होता. तिसऱ्याच दिवशी शेवंतीनं नंबर पुकारला आणि दारातून बाजूला झाली. आत आला गोपाळ, देवकीचा नवरा. माझ्यावर बसला.

"मी तुमका माफ करूक येवक नाय, डॉक्टर," तो म्हणाला. "माका ताप आसा."

प्रज्योतनं मान हलवली. तपासलं. सगळं विचारलं, लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. "आणि?"

"आनी काय? पोटऱ्ये दुखनत नाय. आधीच सांगून ठेवतंय."

प्रज्योतनं तरी रक्त काढलं, स्वतःच्या हातानं. सुई टोचताना हात स्थिर होता. गोपाळ उठला. उठता उठता माझ्या कडेवर हात टेकून म्हणाला, "देवकी तुमका बोल लावन गेली नाय. बोल मी लावतंय." आणि कागदाची घडी खिशात घालून, दाराशी थांबून विचारलं, "रिपोर्ट कधी न्हेवचो?"

"संध्याकाळी. मी असेन इथं."

मला धास्ती वाटली, कबूल करतो. पण प्रज्योतनं पुढचा नंबर थांबवला, रघुनाथांना फोन लावला आणि गोपाळचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आधीचा प्रज्योत असता तर त्यानं ते नीटनेटकं घडी करून खणात ठेवलं असतं. गोपाळचा ताप साधा निघाला. तो अजून येतो. अजून माफ केलेलं नाही. औषध मात्र याच डॉक्टरचं घेतो.

आता माझी सद्यस्थिती सांगून थांबतो.

इथं नवीन स्टीलचं फिरतं स्टूल आलंय. त्याच्यावर बसलेला माणूस बोलता बोलता दुसरीकडेच वळतो. मोडीत काढायच्या वस्तूंची यादी कृष्णनाथनं केली, तीत माझा क्रमांक नजरचुकीनं राहून गेला. ज्याच्या नोंदवहीत वीस वर्षांत चूक नाही, त्याच्या नजरचुका मी समजतो.

मानसिक मदतीचा चौदा चारशे सोळा हा फोन नंबर लिहिलेलं एक पोस्टर या खोलीत आधीपासून होतं, पण दाराच्या मागे. दार उघडलं की झाकलं जायचं. शेवंतीनं ते काढून डॉक्टरांच्या खुर्चीला समोर दिसेल असं लावलं. "पेशंटांनी बघूक नको?" ऋतिकानं विचारलं. "पेशंटांसाठीच लावलंय," शेवंती म्हणाली.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी, रघुनाथ नार्व्याहून येऊन खुर्चीत बसतात. शेवंती केसपेपर काढते आणि रिकाम्या व्हरांड्यात मोठ्यानं पुकारते, "नंबर एक, प्रज्योत गावस!" तो पुढच्या दारानं येतो. गेल्या महिन्यात तीन डॉक्टरांचे नंबर लागले. शेजारच्या केंद्रातली एक डॉक्टरीण मागच्या दारानं आली होती. "जरा दोन मिनिटं, उभ्यानंच," म्हणाली. शेवंतीनं तिला पुढच्या दाराला पाठवून केसपेपर काढायला लावला. ती चाळीस मिनिटं बसली.

कुकर शेवंतीनं परत केला नाही. "दिलेला परत घेवचा नसता. भात खावक येवा." तो जातो.

डॉक्टर लोकहो, मी लाकूड आहे, मला तुमच्यातलं कळत नाही. पण अडतीस वर्षांत उभ्यानं सांगितलेलं एकही दुखणं मी बरं झालेलं पाहिलं नाही. तुमच्या टेबलासमोरही माझा कुणी भाऊबंद असेल. तो तुमच्यासाठीसुद्धा आहे. आणि त्याच्यावर रोज बसणाऱ्यांनो, तुमचा डॉक्टर एकाएकी स्वच्छ अक्षरात सहा महिन्यांची औषधं लिहू लागला तर कागद शेजाऱ्याला दाखवू नका. त्यालाच विचारा, कुठं चाललात?

राहिली ती शाल. निरोप झाला नाही, आणि स्वागताचं भाषण कृष्णनाथकडे नव्हतं. शेवंतीनं तिची घडी घालून माझ्या फळीवर ठेवली. फळीला पडलेली चीर आता बसणाऱ्याला चिमटे काढते. प्रज्योत पहिल्या शनिवारी त्या शालीवरच बसतो. आपण काय अंगाखाली घेतलंय हे त्याला ठाऊक आहे. तो तिच्यावर पुरता बसतो, सगळं वजन टाकून. आणि हल्ली, मी ओळखतो, ते वजन वाढतंय.